भार नसलेली रेघ

सावकाश वाचा. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा. हे संपवायची घाई नाही.

बसला असाल तर बसूनच राहा. तळपाय जमिनीला टेकू द्या. हात मांडीवर सैल सोडा.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

आज एकच ठिकाण बघायचं आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या डोंगरात कातळात कोरलेलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं स्तूप असलेलं दालन. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं.

तिथं गेला असाल तर आठवणीनं बघा. गेला नसाल तर शब्दांबरोबर चाला. दोन्ही चालेल.

वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला मुलांना चार गोष्टी शिकवतात: बिंदू, रेषा, प्रतल आणि घन. फ्रान्सिस चिंग यांच्या १९७९ सालच्या पुस्तकाची सुरुवातही याच चौघांपासून होते. बिंदू सरकला की रेषा होते. रेषा सरकली की प्रतल होतं. प्रतल सरकलं की आकाराला पोट येतं.

आपण साधे शब्द घेऊ. टिंब, रेघ, भिंत, पोकळी.

आणि क्रमानं जाऊ. एकेकापाशी राहत.

०

टिंब.

डोळ्यांसमोर कातळ आणा. काळा, सह्याद्रीचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थरावर थर साचला आणि निवला. तोच हा.

अजून लेणं नाही. दार नाही, खांब नाही. उभा कडा आहे. ऊन आहे. कपारीतून झिरपणारं पाणी आहे.

एक पाथरवट कड्यावर उंच बसला आहे. जिथं पुढं छत येणार आहे, तिथं.

लेणं वरून खाली उतरत येतं. आधी छत. मग खांबांचे माथे. मग खांब. सगळ्यात शेवटी जमीन. वरचं कोरून होईतो खालचा दगड तसाच असतो. तीच पाथरवटाची परांची.

त्यानं छिन्नी टेकवली आहे. हातोडा वर उचललेला आहे.

इथं थांबा. हातोडा वर आहे तोवर.

वहीतल्या टिंबाला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. छिन्नीच्या टोकाखालचं टिंब तसं नाही. त्याच्यामागं अख्खा डोंगर आहे.

आणि हे टिंब खोडता येत नाही. विटेचं काम चुकलं तर वीट काढून पुन्हा लावतात. इथं निघालेली कपची परत बसत नाही.

श्वास आत घ्या.

हातोडा वर आहे तेवढा वेळ तो आत राहू द्या.

आता सोडा.

ठण्.

कातळावर एक फिकट ओरखडा उमटला आहे. नखाएवढा.

नुसता तो बघा. त्याच्या आजूबाजूला काहीच झालेलं नाही. कडा जसा होता तसाच आहे. फक्त आता त्यावर एक जागा अशी आहे, जिच्यापासून मोजता येईल.

मन दुसरीकडे गेलं तर या ओरखड्यापाशी परत या. मनावर चिडू नका. ते जाणारच. तुम्ही फक्त परत या.

पुन्हा एकदा बघा.

टिंब.

०

रेघ.

कुठल्याही चालू बांधकामावर आजही ओळंबा दिसतो. दोरी, आणि दोरीच्या टोकाला लोखंडाचं किंवा पितळेचं वजन. गवंडी तो भिंतीलगत सोडतो.

तसा एक ओळंबा मनात सोडा.

वजन डोलतं आहे. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

गवंडी त्याला हात लावत नाही. घाई करून दोरी थांबवली तर ती खरं सांगत नाही. ती आपली आपण थांबावी लागते.

तुम्हीही हात लावू नका.

आता झोका लहान झाला आहे. आता आणखी लहान. आता दोरी जेमतेम थरथरते आहे.

आता ती उभी आहे.

ही रेघ कुणी काढलेली नाही. पृथ्वीनं ओढली आणि दोरी सरळ झाली.

तुमचा कणाही त्याच ओढीत आहे. त्याला ताठ करू नका. फक्त तो आहे, हे जाणवू द्या. डोक्यापासून माकडहाडापर्यंत एक रेघ.

इथं दोन-तीन श्वास राहू.

०

आता आत चला.

लेण्याला तीन दारं आहेत. मधलं दार मधल्या दालनात नेतं. कडेची दोन कडेच्या अरुंद वाटांकडे. आपण मधल्यानं जाऊ.

उंबऱ्यापाशी थांबा. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतलं लगेच दिसत नाही. दिसेपर्यंत उभे राहा.

आधी अंधार.

मग अंधारात उभ्या रेघा.

मग कळतं, ते खांब आहेत. डावीकडे पंधरा, उजवीकडे पंधरा. दोन ओळी, समोरासमोर, आत आत जाणाऱ्या.

पाय उचला. पहिल्या खांबापाशी या.

एक खांब, एक श्वास.

दुसरा खांब. एक श्वास.

तिसरा.

पुढच्या खांबाकडे आधीच नजर धावते आहे का? तिला मागं बोलवा. जो शेजारी आहे, त्याच्यापाशीच.

चौथा.

इथं उभे राहा. हाच खांब जवळून बघू. तळापासून.

तळाशी चौकोन आहेत. एकावर एक, वर जाताना लहान होत जाणारे. दगडाच्या पायऱ्याच.

त्यांच्यावर एक घट. गोल, फुगीर, भरल्या पोटाचा.

घटाच्या तोंडातून खांब वर निघतो. त्याला आठ पैलू आहेत.

वर पुन्हा गोल. पाकळ्या खाली केलेलं, घंटेसारखं दिसणारं कमळ.

त्याच्यावर पुन्हा चौकोनी थर. या वेळी वर जाताना मोठे होत जाणारे.

आणि सगळ्यात वर, मधल्या दालनाकडे तोंड करून बसलेले हत्ती. त्यांच्या पाठीवर जोडपी.

हत्ती आणि माणसं आत्ता राहू द्या. ती नजर पकडून ठेवतात. पुन्हा खाली या.

चौकोन. गोल. आठ पैलू. गोल. चौकोन.

एवढंच पुन्हा, तळापासून वर.

चौकोन. गोल. आठ पैलू. गोल. चौकोन.

मधल्या आठ पैलूंपाशी थांबा.

चौकोनी खांबाचे चार कोपरे तासा. आठ पैलू होतात. ते आठ कोपरे तासा. सोळा होतात. तासत राहा. बत्तीस. चौसष्ट. शेवटी हाताला कोपरा लागेनासा होतो आणि खांब गोल होतो.

चौकोन आणि गोल यांच्या मधल्या वाटेवर एक ठिकाण आहे, आठ. पाथरवट तिथं थांबला आहे.

पुढं गेला असता तर गोल झाला असता. मागंच राहिला असता तर चौकोन. आठ पैलूंवर उजेड पडला की एक बाजू उजळते, शेजारची थोडी कमी, तिच्या पलीकडची काळी. गोलावर उजेड निसरडा होतो. इथं तो पायरी पायरीनं जातो.

त्या पायऱ्या बघा.

उजळ. करडा. काळा.

०

आता एक प्रश्न. उत्तराची घाई करू नका. तो नुसता समोर ठेवा.

हा खांब काय पेलतो आहे?

छत, असं मन चटकन म्हणतं. खांब दिसला की वर भार असतो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

पण हे छत कुणी वर चढवलेलं नाही. ते तिथंच होतं. डोंगर होता. त्याच्या खालचा दगड काढला आणि उरलं ते छत झालं. खांबही वेगळा आणून उभा केलेला नाही. तो छताचाच आहे, जमिनीचाच आहे. एकच दगड, वरपासून खालपर्यंत.

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याचं चैत्यगृह आहे. तिथले कितीतरी खांब तुटले आहेत. छत मात्र जागेवर आहे. खाली आधार नाही, तरी आहे.

हे मनात उतरू द्या.

खांब तुटले. छत पडलं नाही.

आता नजर दरीपलीकडे न्या. कार्ल्याच्या समोर, इंद्रायणीच्या खोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला, भाज्याची लेणी आहेत. कार्ल्याहून दोनेक शतकं जुनी. तिथल्या चैत्यगृहातही खांबांच्या दोन ओळी आहेत. पण ते खांब सरळ उभे नाहीत. ते आत झुकलेले आहेत. सगळेच, थोडे थोडे.

त्यांना झुकायची गरज नव्हती.

लाकडाच्या दालनात ती गरज असते. वरची कमान खांबांना बाहेर रेटते, म्हणून खांब आत कलते ठेवायचे. भाज्याच्या कारागिरांना लाकडाचं काम ठाऊक होतं. दगड कोरायला घेतला तेव्हाही हातात तीच सवय होती. रेटा नव्हता. रेट्याची आठवण होती.

त्या झुकलेल्या खांबांपाशी एक श्वास राहा.

नसलेल्या भाराला पाठ देऊन उभे आहेत. दोन हजारांहून जास्त वर्षं.

आता परत कार्ल्याला या. तुमच्या शेजारच्या खांबाकडे बघा.

हा सरळ आहे.

ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ. दोनेक शतकांत, एक दरी ओलांडून, दगडाच्या लक्षात आलं आहे की आपल्याला कुणी रेटत नाही.

दीर्घ श्वास घ्या.

सोडा.

खांद्यांकडे लक्ष द्या. ते वर ओढलेले आहेत का? कानांच्या जवळ? तसे असतील तर असू द्या. फक्त बघा, ते काय धरून आहेत. आत्ता, या क्षणी, त्यांच्यावर खरोखर काही आहे का?

असेल तर असू द्या.

नसेल तर तेही बघा.

०

मान वर करा. हळूच.

छत गोलाईनं वळलेलं आहे. त्याला आतून फासळ्या आहेत. एकामागून एक, दारापासून टोकापर्यंत.

त्या दगडाच्या नाहीत. सागवानाच्या आहेत.

कोरलेल्या छताखाली लाकडी फासळ्या नेऊन बसवल्या आहेत. त्या काहीच पेलत नाहीत. उलट छतानंच त्यांना धरून ठेवलं आहे. आणि अजून आहेत. लाकूड, इतक्या पावसाळ्यांनंतर.

खांब भार विसरले. छत अजून विसरलेलं नाही.

पुढं काही शतकांनी वेरूळला दहावं लेणं कोरलं गेलं. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. तिथंही छताला फासळ्या आहेत. पण त्या दगडातच कोरलेल्या आहेत. लाकूड गेलं, त्याची रेघ राहिली.

वर बघत राहा.

एक फासळी. मधली सावली. दुसरी फासळी. मधली सावली.

नजर एकीवरून दुसरीवर उतरते. कुणी ढकललं नाही तरी पुढं जाते. आत, आत, शेवटच्या वळणापर्यंत.

मग या रेघा इथं करतात तरी काय?

हेच.

तुमची नजर दारात घेतात आणि आत पोचवतात. छत डोंगरानं सांभाळलं आहे. रेघेच्या वाट्याला एकच काम उरलं आहे. बघणाऱ्याला नेणं.

अशी मोकळी रेघ फार ठिकाणी बघायला मिळत नाही. घरातली तुळई राबत असते. जिन्याचा कठडा राबत असतो. इथली रेघ राबत नाही.

तिच्याबरोबर जा. तिच्याइतक्याच मोकळेपणानं.

खांबांवर एक भार मात्र आहे. काही खांबांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. दान देणाऱ्यांची नावं. कुणी धेनुकाकट गावचा. कुणी स्वतःला यवन म्हणवणारा. दर्शनी भागातला एक लेख वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा आहे.

खांब छत पेलत नाही. एक नाव पेलतो.

ते नाव वाचता येत नसेल तरी हरकत नाही. बोट न लावता अक्षरांकडे बघा. उभी रेघ. आडवी रेघ. वळण. टिंब.

०

भिंत.

मधल्या दालनातून कडेच्या वाटेवर या. खांब एका हाताला, भिंत दुसऱ्या.

भिंतीसमोर उभे राहा. जवळ. श्वास परत चेहऱ्यावर येईल इतके.

गारवा जाणवतो. दमट वास येतो. दगडावर छिन्नीच्या खुणा असतील तर त्या दिसू द्या. नसतील तर नुसता काळेपणा.

आता या भिंतीच्या मागं जा.

मनातल्या मनात.

तुमच्या खोलीतल्या भिंतीमागं दुसरी खोली आहे, किंवा जिना, किंवा शेजारी, किंवा रस्ता. तिथं जाऊन तुम्ही त्याच भिंतीला पलीकडून हात लावू शकता.

इथं जा.

जाता येत नाही.

मागं दगड आहे. त्याच्या मागं दगड. त्याच्या मागं डोंगर.

या भिंतीला दुसरी बाजू नाही.

इथं राहा. हे चटकन पटत नाही. भिंत म्हटली की दोन बाजू हव्यात, असं मन धरून बसतं. त्याला समजावू नका. नुसतं भिंतीपुढं उभं राहू द्या.

एकच बाजू. तुमच्याकडची.

या अख्ख्या दालनाला बाहेरून बघता येत नाही. दर्शनी भाग आहे, कमान आहे, दारं आहेत. लेण्याला तोंड आहे. पाठ नाही. त्याच्याभोवती फिरून त्याचा आकार कसा आहे ते पाहता येत नाही. हा आकार फक्त आत उभं राहणाऱ्याला कळतो.

श्वास आत.

तोही फक्त आतूनच कळतो.

श्वास बाहेर.

०

पोकळी.

पुन्हा मधल्या दालनात या. साधारण मध्यावर उभे राहा.

दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३८ मीटर. रुंदी सुमारे १४ मीटर, कडेच्या वाटा धरून. उंचीही जवळपास तेवढीच.

आकडे विसरा. अंगानं बघा.

जेवढं रुंद, तेवढंच उंच. डावीकडे जितकी जागा आणि उजवीकडे जितकी जागा, तितकी मिळून डोक्यावर. हात पसरून उभे राहिलात तर कुठलीच बाजू तुम्हाला आपल्याकडे ओढत नाही. फक्त समोरची वाट ओढते.

इथं पूर्वी दगड होता. तुमच्या पायांपासून त्या फासळ्यांपर्यंत, या खांबापासून त्या खांबापर्यंत, भरगच्च. जिथं आत्ता तुमचा चेहरा आहे, तिथं दगड होता.

तो कुणीतरी कपची कपचीनं बाहेर नेला. पाट्यांमधून. दिवसांमागून दिवस.

जे काढून नेलं, त्या जागेत तुम्ही उभे आहात.

एखादं घर बांधताना काहीतरी आणलं जातं: वीट, चुना, लाकूड. इथं फक्त नेलं गेलं. तरी घर झालं.

तुम्हीही आत्ता काही आणू नका. काही आठवून जोडू नका. एखादा विचार आला तर त्याला पाटीत बसवा आणि दारातून बाहेर जाऊ द्या.

आणखी एक आला. त्यालाही.

पाटी भरते. बाहेर जाते. रिकामी परत येते.

जागा होते आहे.

०

आता समोर बघा. इतका वेळ नजर जिकडं जात होती तिकडं.

दालनाच्या टोकाशी दोन्ही ओळी वळून एकमेकींना मिळतात. जमिनीवरचा आकार अगदी सोपा आहे. दोन समांतर रेघा, आणि त्यांना जोडणारं अर्धवर्तुळ. याला गजपृष्ठाकार म्हणतात. मनातल्या मनात एकदा बोटानं काढा. सरळ. वळण. सरळ.

त्या वळणाच्या कुशीत स्तूप आहे.

खाली वाटोळा उभा घेर, एकावर एक दोन टप्प्यांत. त्यांच्या कडांना वेदिकेची, म्हणजे कठड्याची, नक्षी. त्यांच्यावर अर्धा गोल. गोलाच्या माथ्यावर चौकोनी हर्मिका. तिच्यावर एक छत्र. तेही लाकडाचं, आणि अजून जागेवर.

इथंही चौकोन आणि गोलच. खांबावर जे होतं तेच. फक्त इथं ते शांत बसले आहेत.

दर्शनी भागातल्या मोठ्या कमानीतून उजेड आत येतो. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. दुपार उलटली की तो खोल येतो. खांबांच्या ओळी अर्ध्या काळोखात राहतात. उजेड मधून जातो आणि स्तूपाच्या गोलाईवर बसतो.

एका कडेला उजळ. मग हळूहळू कमी. मग काळोख. कुठं बदललं ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

खांबाच्या पैलूंवर उजेड पायऱ्यांनी गेला होता. इथं पायऱ्या नाहीत.

बघत राहा.

हा स्तूप भरीव आहे. त्याला दार नाही. त्याच्या आत खोली नाही. चहूकडचा दगड नेला, एवढाच ठेवला.

दालनाला बाहेरून बघता येत नाही. स्तूपाला आतून बघता येत नाही.

एक नुसतं आत. एक नुसतं बाहेर. आणि एक दुसऱ्यात उभा आहे.

इथं बराच वेळ राहू.

श्वास.

श्वास.

श्वास.

०

आता चालू.

स्तूप उजव्या हाताला ठेवा. खांबांच्या मागून, वळणाच्या वाटेनं जा. हा प्रदक्षिणेचा मार्ग आहे.

इथं उजेड कमी. पावलं जपून. पाय टेकल्याचा आवाज ऐका. एक पाऊल. त्याचा घुमार. दुसरं पाऊल. त्याचा घुमार.

स्तूपाच्या मागं सात खांब आहेत.

त्यांना घट नाही. कमळ नाही. हत्ती नाहीत, जोडपी नाहीत. जमिनीतून निघालेले आणि छतात गेलेले आठ पैलू. बस्स.

दारातून बघणाऱ्याला ते नीट दिसत नाहीत. पुढं स्तूप आहे. बरेच लोक स्तूपापर्यंत येतात आणि परत फिरतात.

तुम्ही इथं थांबा.

एका साध्या खांबासमोर उभे राहा.

छत पेलायचं नाही. डोळे दिपवायचे नाहीत. नुसतं असायचं आहे.

तुम्हीही तेवढंच करा.

जुन्या लेखांत या ठिकाणाचं नाव वलूरक असं येतं. पावसाळ्यात भिक्खू इथं मुक्कामाला राहत. त्यांच्या वर्षावासासाठी उषवदात नावाच्या दात्यानं करजिक नावाचं गाव दान दिल्याचं इथल्याच लेखात कोरलेलं आहे. चार महिने पाऊस. कड्यावरून खाली येणारं पाणी. आत हे खांब, हा स्तूप, आणि फिरायला ही वाट.

त्या पावसाचा आवाज ऐकू येतो का बघा. येत नसेल तर तुमच्या खोलीत जो आवाज असेल तो ऐका. पंखा. रस्ता. दूरचा कुकर.

तोही याच पोकळीत येऊ द्या.

सात खांब. एकेक करून पुढं जा.

वळण संपलं. समोर दार दिसतं आहे. उजेडाचा उभा पट्टा.

०

निघण्याआधी भाज्याचे खांब एकदा आठवा. झुकलेले.

आणि कार्ल्याचे. सरळ.

आपल्याही अंगात काही झुकाव असतात. कधीतरी कुठला तरी रेटा होता, म्हणून आपण कललो. तेव्हा ते बरोबरच होतं. लाकडाच्या घरात तसंच उभं राहावं लागतं.

आता ते घर आहे का?

उत्तर शोधू नका. प्रश्न कण्यापाशी ठेवा आणि दोन श्वास वाट बघा.

कुठं काही सैल झालं तर होऊ द्या. नाही झालं तर तसंच राहू द्या. भाजेही सुंदरच आहे. झुकलेल्या खांबांना कुणी सरळ करायला गेलं नाही, आणि जाऊही नये.

मात्र सगळेच भार आठवणीतले नसतात. काही खरे असतात. घरचं दुखणं, हप्ते, कुणाची तरी वाट बघणं. ते डोंगर पेलत नाही. ते आपणच पेलतो. त्यांच्यासाठी खांब राबतो तसं राबावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

म्हणून फरक तेवढा ओळखू. खरा भार कुठला, आणि सवयीचा कुठला.

एक श्वास आत.

एक श्वास बाहेर.

हातांची बोटं हलवा. मान डावीकडे, उजवीकडे. डोळे मिटले असतील तर उघडा.

दारातून बाहेर या. ऊन अंगावर येतं. एका बाजूला सिंहस्तंभ आहे. माथ्यावर चार सिंह. दुसऱ्या बाजूला, लेण्याला अगदी खेटून, एकविरा आईचं देऊळ.

तिथं गलबला आहे. मुंबईहून, रायगडाहून कोळी-आगरी घरं आली आहेत. कुणी नारळ सोलतं आहे, कुणी हरवलेल्या चपला शोधतं आहे. उदो उदो चालू आहे.

देवळापुढं रांग लागली आहे. ही रेघ मात्र भार वाहते आहे. कडेवर झोपलेली मुलं, ओटीचं सामान, यंदाचे नवस. मध्येच उभे राहू नका. बाजूला व्हा, तिला पुढं जाऊ द्या. नाहीतर तिच्यातच शिरा, आणि पुढच्या बाईच्या हातातली एक पिशवी धरा.